तुरुंगातून सुटल्यावर, कर्ज थकलेले असताना बँक खाते कसे उघडायचे

तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला बचत खाते उघडता येत नाही, असा कुठलाही नियम भारतात नाही. ज्याचे कर्ज थकले आहे, ज्याचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) रसातळाला गेला आहे, त्यालाही बचत खाते नाकारावे असा नियम नाही. हे सुरुवातीलाच लिहितो, कारण सुटून आलेली बहुतेक माणसे बँकेत पाऊल टाकण्याआधीच मनाने हरलेली असतात. काउंटरवरून पहिला नकार मिळाला की "आपल्याला कोण देणार खाते" म्हणत घरी परततात आणि पुढची दोन-चार वर्षे बायकोच्या नाहीतर भावाच्या खात्यावर पगार घेत राहतात.

माझे भोसरीत शीट मेटलचे छोटे युनिट होते. माल घेतलेल्या पार्टीकडे माझे पैसे अडकले, मी दिलेले चेक परत गेले आणि प्रकरण चेक न वटण्याच्या कलम १३८ पर्यंत पोचले. या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कर्ज आणि तुरुंग या दोन्ही गोष्टी एकाच दाराने घरात आल्या. बाहेर आल्यावर ठेकेदार म्हणाला, "खाते नंबर आण, मग हजेरी लावतो." तिथून जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. क्रम फार महत्त्वाचा आहे. बँकेत अडचण होते ती बहुतेक वेळा गुन्ह्यामुळे नाही, बंद पडलेल्या मोबाइल नंबरामुळे आणि जुन्या पत्त्यामुळे होते.

१. आधी आपली परिस्थिती नेमकी ओळखा

पुढे काय करायचे ते यावर ठरते. खाली चार अवस्था देतो. एकापेक्षा जास्त लागू असू शकतात.

पहिली: शिक्षा भोगून किंवा जामिनावर बाहेर आला आहात, बँकेचे देणे काही नाही. तुमचे काम सगळ्यांत सोपे. कच्चा कैदी (खटला चालू असलेला) होता की पक्का (शिक्षा झालेला), याने खाते उघडण्याच्या कागदांत काहीच फरक पडत नाही.

दुसरी: कर्ज थकले आहे, पण कोर्टाने नादार (कायद्याने दिवाळखोर) ठरवलेले नाही. आपल्याकडे "दिवाळे निघाले" असे आपण ज्याला म्हणतो ते बहुतेक वेळा हेच असते. कायद्याच्या भाषेत तुम्ही फक्त थकबाकीदार आहात.

तिसरी: कोर्टाने खरोखर नादार जाहीर केले आहे. मुंबईत यासाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी कायदा वापरला जात आला आहे. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना. त्यामुळे "नवीन कायद्यात तुमचे सगळे कर्ज माफ करून देतो" म्हणणारा कोणी एजंट भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

चौथी: तुमचे जुने खाते पोलिसांनी किंवा कोर्टाने गोठवले आहे. याबद्दल सातव्या पायरीत वेगळे लिहिले आहे. गोठवलेले जुने खाते आणि नवीन खाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे आत्ता लक्षात ठेवा.

२. तुरुंगातून निघतानाच कागद मागून घ्या

सुटकेच्या दिवशी कोणाचे डोके ठिकाणावर नसते. नाव पुकारले जाते, माणूस पिशवी उचलतो आणि गेटकडे धावतो. तरीही दोन गोष्टी मागाच. घरचा माणूस न्यायला येणार असेल तर त्याला आधी सांगून ठेवा.

सुटकेचा दाखला. त्यावर नाव, वडिलांचे नाव आणि तारखा नीट आहेत का ते गेटवरच वाचा. बँकेला हा कागद लागत नाही, तो दाखवूही नका. पण विधी सेवा प्राधिकरण (फुकट वकील देणारे सरकारी कार्यालय), परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), पुढे कधी कोर्ट, या सगळ्यांकडे तो लागतो.

आत जमा केलेल्या वस्तू आणि खाजगी रोख. आत जाताना अंगझडतीत घेतलेले पाकीट, पॅन कार्ड, लायसन्स हे नोंदवहीत लिहिलेले असते. अटकेच्या वेळी पोलिसांनी घेतलेल्या वस्तू मात्र तुरुंगाकडे नसतात. त्या पंचनाम्याने मुद्देमालात गेलेल्या असतात आणि कोर्टात अर्ज केल्याशिवाय परत मिळत नाहीत. कार्डासाठी एवढे थांबू नका. आधार आणि पॅन दोन्ही पुन्हा छापून मिळतात.

ज्यांचा माणूस अजून आत आहे त्यांच्यासाठी: रिझर्व्ह बँकेच्या केवायसी (ग्राहकाची ओळख तपासण्याच्या) निर्देशांत कैद्याच्या खात्याची सोय स्पष्ट लिहिलेली आहे. कैद्याने तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा, अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा आणि दरवर्षी पत्त्याचा दाखला द्यायचा. असे "छोटे खाते" (त्याच्या मर्यादा पाचव्या पायरीत दिल्या आहेत) आत असतानाच उघडता येते. अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या. मुलाखतीच्या खिडकीवर तोंडी बोलून काम होत नाही. बाहेर आल्यावरची अर्धी धावपळ वाचते.

आणि तुरुंगातल्या माणसाशी बँक व्यवहारच करत नाही असे कोणी सांगितले, तर त्याला येरवड्याचे उदाहरण द्या. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ ला तिथे "जिव्हाळा" नावाची योजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांना ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याजाने. जिथे कर्ज मिळू शकते तिथे बचत खाते मागणे म्हणजे काही मोठी मेहेरबानी मागणे नव्हे.

३. बँकेआधी सिम कार्ड

सगळ्यांत जास्त माणसे इथे अडकतात, म्हणून सविस्तर लिहितो.

नव्वद दिवस नंबर वापरला नाही आणि बॅलन्सही संपला की कंपनी तो बंद करू शकते. बंद झाल्यावर काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. तुम्ही वर्ष-दीड वर्ष आत होता, तर तुमचा नंबर आज बहुधा अनोळखी माणसाच्या खिशात आहे. आणि तुमच्या आधारचा, जुन्या बँक खात्याचा, पीएफचा ओटीपी त्याच्याकडे जातो आहे.

म्हणून पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर नवीन सिम घ्या. दुकानात आधार नंबर आणि अंगठा पुरतो, जुन्या नंबरावर ओटीपी यावा लागत नाही. बायकोच्या किंवा मुलाच्या नावावरचे सिम घेऊन काम चालवू नका. पुढे तोच नंबर बँकेशी जोडला जाणार आहे, तो तुमच्याच नावावर हवा.

अंगठ्याचा एक त्रास होतो. आत सुतारकामाच्या किंवा यंत्रमागाच्या कारखान्यात काम केलेल्यांची बोटे घासून गुळगुळीत झालेली असतात. मशिनवर अंगठा ठेवला की लाल दिवा लागतो, पुन्हा ठेवला की पुन्हा लाल. दुकानदार वैतागतो, मागची रांग कुरकुरते आणि आपल्यालाच अपराधी वाटू लागते. यात तुमचा काही दोष नाही. हात कोमट पाण्याने धुऊन थोडे तेल किंवा क्रीम लावा, पुसा आणि अंगठ्याऐवजी मधले किंवा अनामिका बोट द्या. तरीही जमले नाही तर आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने नोंदवून घ्या. डोळ्यांच्या बुबुळांवरून आणि चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, ते आवर्जून सांगा. दुकानदार स्वतःहून सांगत नाही.

४. आधार दुरुस्त करा, पॅन शोधा

सिम मिळाले की आधार केंद्रावर जाऊन नवीन मोबाइल नंबर जोडा. यासाठी कुठलाही कागद लागत नाही, फक्त तुम्ही स्वतः आणि ठरलेले शुल्क. आधार नंबरच आठवत नसेल तर १९४७ वर फोन करा.

पत्ता हा दुसरा भाग. जुने घर विकले गेले, भाड्याची खोली सुटली, बहिणीकडे राहतो आहोत, अशी परिस्थिती बहुतेकांची असते. त्यासाठी कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलण्याची सोय आहे. आई, वडील, पत्नी, भाऊ यांपैकी कोणाकडे राहत असाल तर नात्याचा पुरावा (रेशन कार्ड, विवाह नोंदणी दाखला वगैरे) लावून अर्ज करायचा. त्या व्यक्तीने आपल्या मोबाइलवरून तीस दिवसांत संमती दिली की तिचा पत्ता तुमच्या आधारवर येतो. ज्यांचे आधार आतल्या शिबिरात तुरुंगाच्या पत्त्यावर निघाले आहे, त्यांनी हे काम टाळू नका. नाहीतर ते कार्ड जिथे दाखवाल तिथे सगळी कहाणी पुन्हा सांगावी लागेल.

पॅन हरवले असेल तर नवीन नंबर काढू नका. जुन्याच नंबराचे कार्ड पुन्हा मागवा. दोन पॅन बाळगणे हा दंडाचा विषय आहे. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर ते निष्क्रिय झालेले असेल. एक हजार रुपये भरून जोडता येते. पैसे नसतील तर हे काम नंतर करा. पॅन नाही म्हणून साधे बचत खाते अडत नाही. पॅन नसल्याचे घोषणापत्र भरून देता येते. बँकेत त्याला वर्षानुवर्षे "फॉर्म ६०" म्हणतात.

५. बँक निवडताना: जिथे देणे आहे तिथे जाऊ नका

माझ्या मते या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची सूचना हीच.

ज्या बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकले आहे, त्या बँकेत नवीन खाते उघडले की तुमचा पहिला पगार कर्जात वळता होऊ शकतो. करार कायदा १८७२ च्या कलम १७१ ने बँकेला ग्राहकाच्या आपल्याकडे असलेल्या मालमत्तेवर धारणाधिकार (देणे फिटेपर्यंत ती रोखून ठेवण्याचा हक्क) दिला आहे. एकाच माणसाचे जमा आणि देणे एकमेकांत वजा करण्याचा हक्कही बँका वापरतात. शाखा वेगळी असून भागत नाही, बँक एकच असते. देणे फेडायचे हे खरेच, पण ते आपण ठरवलेल्या हप्त्याने. महिन्याचा किराणा भरण्याआधी अख्खा पगार जाऊन नव्हे.

आता यातली मेख. तुम्ही आत असताना बँकांची नावे बदलली असतील. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला सिंडिकेट बँक कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड बँक पंजाब नॅशनल बँकेत गेली. एचडीएफसीचे गृहकर्ज १ जुलै २०२३ पासून एचडीएफसी बँकेचे झाले. सिटी बँकेची क्रेडिट कार्डे मार्च २०२३ मध्ये ॲक्सिसकडे गेली. पीएमसी बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आहे. म्हणजे देनाचे कर्ज बुडाले आणि तुम्ही निश्चिंत मनाने बडोदात खाते उघडले, तर तुम्ही सावकाराच्याच दारात उभे आहात.

कोणाचे किती देणे आहे ते आठवत नसेल तर क्रेडिट अहवाल काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. अहवालात ज्या बँकेचे नाव दिसेल ती यादीतून काढा. "राइट-ऑफ" असे लिहिलेले दिसले तर कर्ज माफ झाले असे समजू नका. बँकेने ते आपल्या हिशेबातून काढले, तुमच्या डोक्यावरून नाही.

उरलेल्या बँकांपैकी सोपे पर्याय असे:

जनधन खाते. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेली योजना, शून्य शिल्लक चालते, रुपे कार्ड मिळते. बँक मित्राकडेही (बँकेने वस्तीत नेमलेल्या प्रतिनिधीकडे) उघडता येते. ज्याला शाखेत जाण्याचा संकोच वाटतो त्याच्यासाठी बँक मित्र फार उपयोगाचा, कारण तो सहसा आपल्याच वस्तीतला असतो.

मूलभूत बचत खाते, म्हणजे बँकेतले "बेसिक सेव्हिंग". किमान शिल्लक नाही, महिन्यात किमान चार वेळा पैसे काढणे विनाशुल्क. त्याच बँकेत दुसरे बचत खाते असेल तर मात्र ते बंद करावे लागते.

इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक. पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर खाते उघडतो. दिवसअखेर दोन लाखांपेक्षा जास्त रक्कम ठेवता येत नाही, पण आपल्याला सध्या ती चिंता नाही. कर्ज देण्याचा धंदाच ही बँक करत नाही, त्यामुळे जुने देणे वळते होण्याचा प्रश्न येत नाही. अडलेल्यांना मी बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करायला सांगतो.

छोटे खाते. ज्याच्याकडे आधार, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट, रोजगार हमीचे जॉब कार्ड यांपैकी काहीही नाही त्याच्यासाठी. स्वतः सही केलेला फोटो द्यायचा आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करायचा. मर्यादा आहेत: वर्षात एक लाखापर्यंत जमा, महिन्याला दहा हजारांपर्यंत काढणे, कधीही ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक नाही. बारा महिने चालते, ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला की आणखी बारा महिने.

६. काउंटरवर काय न्यायचे आणि काय बोलायचे

पिशवीत हे ठेवा:

आधार कार्ड आणि झेरॉक्स, पॅन किंवा घोषणापत्र, तीन-चार पासपोर्ट फोटो (नवीन काढा, आत जाण्याआधीचा चेहरा आता जुळत नाही), नवीन मोबाइल चालू स्थितीत, वारसाचे नाव आणि जन्मतारीख. आधारवरचा पत्ता अजून जुना असेल तर सध्याच्या पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतले वीज, पाणी, पाइप गॅस किंवा पोस्टपेड मोबाइलचे बिल अथवा घरपट्टीची पावती. अशा कागदावर खाते उघडले तर तीन महिन्यांत पत्ता बदललेले मूळ ओळखपत्र द्यावे लागते.

कामाच्या जागी "मजुरी", "खाजगी नोकरी", "स्वयंरोजगार" असे जे खरे असेल ते लिहा. उत्पन्न फुगवू नका. फुगवलेला आकडा आणि रिकामे खाते हे विसंगत दिसते आणि मग प्रश्न येतात.

"इतकी वर्षे खाते नव्हते? कुठे होतात?" हा प्रश्न येतोच. क्लार्क बहुधा सहज विचारतो, आपल्या मात्र घशाला कोरड पडते. साध्या बचत खात्याच्या फॉर्ममध्ये "तुम्हाला शिक्षा झाली आहे का" असा रकाना सहसा नसतो. फॉर्ममध्ये जे विचारले आहे त्याचे खरे उत्तर द्या, कारण खाली घोषणेवर तुमची सही आहे. जे विचारलेले नाही ते सांगायला तुम्ही बांधील नाही. "कामधंदा बंद होता, आता नोकरी लागली, पगारासाठी खाते हवे आहे" एवढे पुरते. दुबईला होतो, आजारी होतो असल्या गोष्टी रचू नका. एक प्रश्न टाळायला सांगितलेल्या खोट्यावर पुढे दहा प्रश्न येतात.

एक अपवाद. गुन्हा बँकेच्याच फसवणुकीचा असेल, किंवा दहशतवादविरोधी कायद्याखालचा असेल, तर बँकेच्या तपासणीत नाव लागू शकते. अशा वेळी एकट्याने जाऊ नका, आधी वकिलाशी बोला.

७. जुने खाते: बंद, थकलेले की गोठवलेले?

दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुम्ही व्यवहार केला नसेल तर खाते निष्क्रिय होते. ते चालू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर तीन कामाच्या दिवसांत तो मार्गी लावायचा असतो. निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. "तुमचे खाते मायनसमध्ये आहे, आधी चार हजार भरा" असे ऐकवले तर शांतपणे विचारा की हे मायनस कशाचे. केवळ किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडाने बचत खाते उणे करता येत नाही, हा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे.

दहा वर्षांहून जुने पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत गेलेले असतात, पण बुडालेले नसतात. रिझर्व्ह बँकेच्या "उद्गम" पोर्टलवर नावाने शोधता येतात आणि बँकेकडूनच परत मिळतात.

गोठवलेल्या खात्याचे वेगळे. पोलीस पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली आणि १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली खाते गोठवतात. बँक खाते या कलमाखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरवले. बँक मॅनेजरशी भांडून हे खाते मोकळे होत नाही, ते त्याच्या हातातच नसते. खटला निकाली निघाला असेल तर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन त्याच कोर्टात अर्ज करावा लागतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, किंवा १५१०० वर फोन करा. मुंबई-ठाणे भागात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा "प्रयास" प्रकल्प १९९० पासून तुरुंगातून आलेल्यांसाठी काम करतो.

८. कोर्टाने नादार ठरवले असेल तर

नादारीचा आदेश झाला की तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे (कोर्टाने ती सांभाळायला नेमलेल्या माणसाकडे) जाते. कोर्टाकडून नादारीतून मुक्तता मिळेपर्यंत नंतर मिळवलेली मालमत्तासुद्धा त्यांच्याकडे जाऊ शकते. म्हणून नवीन खाते लपवून उघडू नका. आधी रिसीव्हरला लेखी कळवा की पगारासाठी खाते उघडत आहे आणि पोच घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने पगाराचा मोठा भाग जप्तीपासून वाचवलेला आहे, त्यामुळे कळवल्याने सगळे जाईल ही भीती बाळगू नका. पीएफलाही तसेच वेगळे संरक्षण आहे.

दुसरे, मुक्तता मिळण्याआधी आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा अधिक उधार घेणे हा १९२० च्या कायद्याच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. आकडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे, पण कायद्यात तो तसाच आहे. म्हणजे खात्यासोबत गळ्यात मारले जाणारे क्रेडिट कार्ड, मोबाइलवरचे "आत्ता घ्या, नंतर भरा", जनधनवरचा ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसताना मिळणारी उचल), यातले काही घेऊ नका. एकदा तुरुंग पाहिलेल्या माणसाने पुन्हा असल्या क्षुल्लक रकमेवरून कोर्टात उभे राहू नये.

आणि मुदतीत मुक्ततेचा अर्ज करा. आदेशात मुदत लिहिलेली असते. ती चुकली तर नादारीच रद्द होते आणि सगळे सावकार वसुलीला पुन्हा मोकळे होतात.

९. नकार आला तर

तोंडी नकार घेऊन परत फिरू नका. भरलेला फॉर्म आणि कागद द्या, पोच मागा. पोच देत नसतील तर तोच अर्ज शाखेच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती हीच पोच.

अर्जात दोन गोष्टी लिहा. एक, रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांनुसार ग्राहक स्वीकारण्याच्या धोरणामुळे सामान्य जनतेला, विशेषतः आर्थिक-सामाजिकदृष्ट्या दुर्बल लोकांना, बँक सेवा नाकारली जाता कामा नये. दोन, अर्ज विचार न करता फेटाळता येत नाही आणि फेटाळण्याचे कारण अधिकाऱ्याने नोंदवायचे असते. शेवटी "कारण लेखी द्यावे ही विनंती" असे लिहा. माझा अनुभव असा, की ही ओळ वाचल्यावर मॅनेजर बहुतेक वेळा कारण लिहून देण्यापेक्षा खाते उघडून देणे पसंत करतो.

"तुमचा सिबिल खराब आहे" हे कारण असेल तर नम्रपणे म्हणा, "साहेब, मी कर्ज मागत नाही, माझेच पैसे ठेवायला आलो आहे."

तरीही काही झाले नाही तर बँकेच्या नोडल (तक्रारी पाहणाऱ्या) अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जा. शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिले तरी चालते. माहितीसाठी १४४४८.

१०. खाते उघडल्यावरचे सापळे

पहिला सापळा सगळ्यांत घातक. सुटून आलेल्या माणसाला पैशांची निकड असते हे काही लोकांना बरोबर माहीत असते. कोर्टाबाहेर, चहाच्या टपरीवर, कधी तर आतल्या ओळखीतून निरोप येतो: "तुझे खाते, एटीएम आणि सिम दे, महिन्याला इतके देतो, तुला काही करायचे नाही." त्या खात्यावरून सायबर फसवणुकीचे पैसे फिरतात. पोलीस खातेदाराच्या दारात येतात आणि आधीची शिक्षा असलेल्या माणसाचे "मला माहीत नव्हते" कोणी ऐकत नाही. कितीही जवळच्याने मागितले तरी नाही म्हणा. कार्ड आधीच देऊन बसला असाल तर आजच बँकेत जाऊन ते बंद करा आणि लेखी कळवा. खात्यात अनोळखी रक्कम आली तर हात न लावता बँकेला सांगा.

दुसरा, "सिबिल साफ करून देतो" वाले. खरी नोंद कोणी पुसू शकत नाही. नोंद चुकीची असेल तर दुरुस्तीची तक्रार तुम्हीच फुकट करू शकता. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर त्यानंतर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम आहे.

तिसरा, सरकारी अनुदानाचा. गॅसची सबसिडी, शेतकऱ्याचा हप्ता, निराधारची रक्कम असे आधारवरून येणारे पैसे शेवटी ज्या खात्याला आधार जोडले त्यातच जातात. तुम्ही नवीन खाते उघडले म्हणून ते आपोआप तिकडे वळत नाहीत. जुने खाते जिथे देणे आहे त्याच बँकेत असेल तर रक्कम तिथेच जमा होऊन कर्जात जात राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग" पाहा, जुन्या बँकेचे नाव दिसले तर नवीन शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. त्यानंतर काही दिवसांनी पुन्हा तपासा, कारण काउंटरवर "झाले" म्हटलेले काम यंत्रणेत झालेले असतेच असे नाही. पीएफच्या यूएएनमध्येही (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकात) जुने खाते काढून नवीन टाका आणि मगच पैसे काढण्याचा दावा भरा.